गंजीचं पोट

विळीकाकीने भाव सांगितला, तशी लोहाराने गवताच्या गंजीत खुपसलेली सळई बाहेर ओढली आणि तिसऱ्यांदा हुंगली.

“किती म्हणालात, काकी?”

“मागच्या सालचा भाव. घण मारून मारून कान बसले का तुझे?”

“कान शाबूत आहेत. पण मागच्या सालचा म्हणजे… मागच्याच सालचा?”

“नाही, माझ्या लग्नाच्या सालचा! घ्यायच्यात पेंढ्या की सळई चाटायला आलायस?”

लोहाराने सळईचं टोक उन्हात धरून पाहिलं, बोटाने पुसलं, पुन्हा नाकाशी नेलं. वास चांगला होता. वाळल्या गवताचा, गोडसर. त्याला वाईट वास आला असता तर बरं वाटलं असतं. निदान भावाचा उलगडा झाला असता. चांगला वास आणि जुना भाव, हे काही त्याच्या डोक्यात एका दावणीला बांधलं जाईना.

“विचार करून सांगतो,” असं म्हणून तो निघाला. जाताना दोनदा मागे वळून त्याने गंजीकडे पाहिलं, जशी गंजीच त्याच्या मागून चालत येणार होती.

गावात तिला विळीकाकी म्हणायचे, पण ते तिच्या पाठीमागे. तोंडावर नुसतं काकी. विळी जशी एका जागी बसते आणि समोर येईल ते चिरते, तशी ही ओट्यावर बसून बोलायची, आणि समोरचा माणूस दोन तुकडे होऊन घरी जायचा. तीस वर्षांत तिने कोणाला मूठभर धान्य स्वस्तात दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. उसनं दिलं तर माप कडेपर्यंत भरून, हाताने सपाट करून द्यायची, आणि परत घेताना तिचा हात तसाच सपाट फिरायचा. जास्त घ्यायची नाही, कमी सोडायची नाही. असं माणूस गावाला आवडत नाही, पण कळतं. कळतं म्हणून गाव निर्धास्त असतं.

आणि आता तीच बाई, असल्या साली, जुन्या भावाने चारा द्यायला निघाली होती.

साल कसं होतं ते सांगते. पेरलं ते उगवलं नाही, उगवलं ते वाढलं नाही, वाढलं ते वाऱ्याने वाळवलं. पावसाळाभर आभाळ नुसतं आळस देत राहिलं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. ओढ्याच्या कडेची काकीची पट्टी तेवढी तगली, कारण खाली ओल होती. तेवढ्यातलं गवत तिने कापलं, वाळवलं, लेकाने रचलं, आणि खळ्यात ही एवढी गंजी उभी राहिली. बाकीच्यांच्या गंज्या थंडी सरायच्या आत जनावरांच्या पोटात गेल्या. आता गावात चारा उरला होता तो काकीच्या खळ्यात. बाकी लोक झाडांचा पाला ओरबाडत होते, घरांवरची जुनी शाकारणी काढून गायींपुढे टाकत होते. शनिवारी जनावरांचा बाजार. मागच्या दोन शनिवारी गावातून जी जनावरं गेली, ती परत येण्यासाठी गेली नव्हती.

गंजी उभीच विकायची, ही जुनी रीत. फोडून दाखवायची नाही. फोडलेली गंजी वाऱ्यावर उडते, दवाने काळी पडते, पुन्हा तशी रचता येत नाही, आणि मोठा व्यापारी फोडलेल्या गंजीकडे ढुंकून बघत नाही. म्हणून घेणारा भोवती फिरतो, पावलांनी घेर मोजतो, कोपरापर्यंत हात घालतो, दीड हाताची सळई खुपसून टोक हुंगतो. पण कडेपासून गंजीच्या मधापर्यंत अंतर असतं चार हात. सळई पोहोचत नाही तिथलं पोट ज्याच्या त्याच्या नशिबी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती म्हण कोणा गंजीवाल्यानेच काढली असणार.

काकीने जुन्या भावाला दोन अटी घातल्या होत्या. चारा फक्त स्वतःच्या जनावरासाठी. आणि रोज जनावरामागे दोन पेंढ्या, डोक्यावरून न्यायच्या. गाडी लावायची नाही. कारण गाव काकीवर संशय घेत होतं, तर काकी काय गावावर कमी घेत होती? इथून जुन्या भावाने उचलतील आणि सडकेवर ट्रकवाल्याला तिपटीने देतील, ही एकेकाची जात तिला पाठ होती.

संध्याकाळच्या आत हापशापासून चक्कीपर्यंत एकच विषय.

सून पाण्याच्या घागरी घेऊन आली ती ओठ दाबून. हसू होतं की राग, ते तिच्या सासूलाही कधी ओळखता यायचं नाही.

“काय बडबडतायत?” काकीने विचारलं.

“काही नाही, आई.”

“काही नाही म्हणायला तुला एवढा वेळ लागला? सांग.”

सुनेने घागर उतरवली. “लोहारीण म्हणते, आत सगळं सडलंय. वरवरचं चांगलं. म्हणून तर दोनदोन पेंढ्या द्यायच्या म्हणे, चांगलं संपेपर्यंत गाव गुंतून जाईल आणि मग आतलं गळ्यात मारतील.”

“आणि?”

“चक्कीवाला म्हणतो, गंजीत साप आहे. जोडी.”

“त्याच्या चक्कीत उंदीर आहेत ते बघ म्हणावं आधी. आणि?”

“एकजण म्हणाली…” सून अडखळली. “म्हणाली, म्हातारीचं काही खरं नाही आता. मरायच्या आधी माणूस असं चांगलं वागायला लागतं.”

 काकी म्हणाली, “कोण म्हणाली ते सांगू नकोस. तिच्या आधी मी मरणार नाही एवढं तिला सांग.”

ती आत गेली. दार मागून लोटलं. हे दार जाड, लोखंडी पट्ट्यांचं, गावात त्या वेळी पहिलंच असलेलं. बिजागरी कितीही तेल घातलं तरी करकरायची. वीस वर्षं करकरत होती. सून म्हणायची, बिजागरी बदलू. काकी म्हणायची, राहू दे. का राहू दे ते तिने कधी सांगितलं नाही.

वीस वर्षांपूर्वीच्या वाईट सालीही अशीच एक गंजी खळ्यात होती. तेव्हा मालक होते. मालक म्हणजे काकीचा नवरा. माणूस हसरा, गोड बोलायचा, म्हणून गावाचा लाडका. गंजी रचताना जुन्या, छपरातून गळलेल्या, काळ्या पेंढ्या त्यांनी मधे घातल्या होत्या. “पोट भरायला,” म्हणाले. काकी खाली उभी राहून एकेक पेंढी वर देत होती. काळ्याही तिनेच दिल्या. हात धुतले तरी वास दोन दिवस गेला नव्हता. ती गंजी उभीच घेतली गाडीवानाने. गावात माल ओढायला त्याची एकच बैलगाडी होती. दोन महिन्यांनी तो गंजीच्या पोटाशी पोहोचला. एक बैल तिसऱ्या दिवशी फुगून गेला, दुसरा पाचव्या. मालक समाचाराला गेले, गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वय झालं होतं रे त्यांचं.” आणि त्या पैशातून घराला पक्कं दार बसलं.

काकीने तेव्हा तोंड उघडलं नाही. सगळ्या जगाला चिरणारी विळी घरात मात्र झाकून ठेवली. त्याचंच तिला वैषम्य होतं, आणि ते वैषम्य वीस वर्षं दाराच्या बिजागरीत बसून करकरत होतं.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाची वाट न बघता लेकाने दुपारीच विषय काढला.

“आई, तू गावात हसं करून घेतेस. ट्रकवाला आज पुन्हा आला होता. तिप्पट देतो म्हणतो. उभी गंजी. फोडत नाही, बघत नाही, भोवती दोर टाकतो आणि उचलतो.”

“बघत नाही? असला कसला व्यापारी?”

“त्याला दूरच्या छावणीत घालायचा आहे चारा. तिथे कोण बघतंय?”

“तिथे गायी असतील ना? की तिथे बाकं बांधलीयत दावणीला?”

“आई!”

“तू विसार घेतलास का त्याच्याकडून? आगाऊ पैसे?”

लेक भडकला. “नाही घेतला! शपथ घेऊ का?”

“शपथ नको. डोळ्यात बघ.”

लेकाने बघितलं. पण बघून लगेच ताटाकडे वळला. काकीच्या मनात पाल चुकचुकली. विसार घेतलाय मेल्याने, नक्की घेतलाय. तिने त्या दुपारी लेक झोपल्यावर त्याच्या शर्टाचे खिसे चाचपले. एक विडीचं पाकीट आणि बसचं जुनं तिकीट मिळालं, पैसा नाही. लेक काहीतरी लपवतोय हा तिचा संशय खरा होता, पण लपवलेलं विसार नव्हतं, आणि खिशात तर नव्हतंच. हे तिला पुढे कळलं.

“या भावाने एकही माणूस येणार नाही,” सून भांडी आवरताना म्हणाली. “भाव दुप्पट सांगा, आई, उद्या रांग लागेल. स्वस्त दिलं की लोकांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय.”

“आणि महाग दिलं की?”

“मग वाटतं, लुबाडतात, पण माल चोख आहे.”

काकीला हे पटलं, म्हणूनच तिचा संताप झाला. “म्हणजे मी लुबाडलं की माझ्यावर विश्वास, आणि नाही लुबाडलं की मी लबाड. शाबास. हे गाव आहे की उलटं शिवलेलं पोतं?”

गुरुवारी ती स्वतः गाडीवानाकडे गेली. गाडी आता उरली नव्हती. चाकं तेवढी भिंतीला टेकून होती, एकात कोंबडीने घर केलेलं. बैल गेल्यापासून तो लोकांच्या शेतात मजुरी करायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दारात एक गाय. गाभण, सातवा-आठवा महिना. पोट तेवढं दिसत होतं, बाकी सगळी हाडं. हाडांच्या खाटेवर कोणी गाठोडं ठेवावं तशी.

“शनिवारी नेताय म्हणे,” काकी म्हणाली. बसायला कोणी सांगायची तिने वाट बघितली नाही, चाकाला टेकून बसली.

“बघू,” गाडीवान म्हणाला. तो बोलायचा कमी. बैलांशी बोलून बोलून त्याची माणसांची भाषा आटली होती.

“बघू काय? गाभण गाय कोण घेणार आहे? जो घेईल तो कशाला घेईल, तुम्हाला कळत नाही?”

“कळतं.”

“मग माझ्या खळ्यातून न्या की चारा! जुन्या भावाने देतेय. तुमच्या एका गायीला दोन पेंढ्या रोज. ती वितेपर्यंत. पैसे वासरू झाल्यावर द्या.”

गाडीवानाने गायीच्या पाठीवरची माशी उडवली. “नको, वहिनी.”

“का नको?”

“नको.”

“लोहारीण म्हणते म्हणून? आत सडलंय म्हणते म्हणून?”

गाडीवान चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुमच्या खळ्यातली गंजी मी एकदा घेतली होती.”

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण काकी जागच्या जागी ताठ झाली. तोंडात शंभर उत्तरं आली. वय झालं होतं बैलांचं. तुम्हीच जास्त घातलं असेल. पाणी पाजलं असेल वर. हे सगळं मालकांचं बोलणं होतं, आणि ते तिच्या जिभेवर येऊन थांबलं.

“ती गंजी मालकांनी रचली होती,” ती म्हणाली. “ही माझी आहे. माझ्या पट्टीतलं गवत आहे. कापताना मी उभी होते, वाळवताना मी उभी होते.”

“आणि रचताना?”

रचताना ती नव्हती. त्या आठवड्यात तिचा गुडघा धरला होता, ती घरात पडून होती. लेकाने रचली. पण हे तिने गाडीवानाला सांगितलं नाही.

“फोडून दाखवते,” ती म्हणाली.

गाडीवानाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “उभी गंजी? फोडणार?”

“फोडणार.”

“ट्रकवाला घेणार नाही मग.”

“घालू दे तोंड कुठे घालायचं तिथे.”

“वारा सुटलाय, वहिनी. निम्मी उडून जाईल.”

“उडू दे! माझी आहे, उडवेन नाहीतर जाळेन. उद्या सकाळी या. आणि त्या लोहाराला सळई घेऊन यायला सांगा. हौस फिटेल त्याची.”

शुक्रवारी सकाळी काकीने साडी कंबरेला खोचली, शिडी ओढत खळ्यात नेली. आभाळ तांबूस होतं, धुळीचं. वारा खळ्याच्या कडेने घिरट्या घालत होता, जसं मांजर दुधाच्या भांड्याभोवती. लेक धावत आला.

“आई, काय करतेस? वेड लागलंय का तुला?”

“शिडी धर.”

“अगं तिप्पट! तिप्पट भाव आज दुपारी दारात येतोय!”

“शिडी धर म्हटलं.”

“नको फोडू, आई.” त्याचा आवाज बदलला. त्यात आता पैशाचा हिशेब नव्हता, भीती होती. “ऐक माझं. नको फोडू. हवं तर गाडीवानकाकांना मी बाहेरून काढून देतो. फुकट देतो. पण फोडू नको.”

काकी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबली. लेक फुकट देतोय? तिचा लेक, जो पाहुण्याच्या चपलेतली धूळसुद्धा झटकून ठेवतो? विसार घेतलाय, तिला खात्रीच पटली. आणि ती वर चढली.

तोपर्यंत निम्मं गाव जमलं होतं. उभी गंजी फोडताना कोणी पाहिली नव्हती. लोहार सळई घेऊन पुढे, लोहारीण त्याच्या खांद्यामागून. चक्कीवाला सापांच्या जोडीसाठी काठी घेऊन आला होता. गाडीवान मागे, बांधाला टेकून.

काकीने शेंड्याला बांधलेलं गवत सोडलं आणि पहिली पेंढी खाली फेकली. ती लोहाराच्या पायाशी पडली. पिवळी, कोरडी, सोन्यासारखी.

“हुंग!”

लोहाराने हुंगली. “चांगली आहे.”

“मोठ्याने! मागच्यांना ऐकू जाऊ दे.”

“चांगली आहे, काकी!”

दुसरी. तिसरी. दहावी. गंजी माथ्यावरून उतरत चालली, खाली ढीग वाढत गेला. वाऱ्याने काही काड्या उचलल्या, रस्त्यापर्यंत नेल्या. काकीच्या तोंडाला धार चढली. “घे ग लोहारणी, ही खास तुझ्यासाठी. सडकी आहे ना? लाव नाकाला. आणि चक्कीवाल्या, साप दिसला का? का घरीच विसरून आलास?” लोक हसायला लागले. हसणं तिच्या बाजूचं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा ते हसणं तिच्या बाजूचं होतं, आणि तिला ते उन्हात पाठ शेकल्यासारखं वाटलं.

गंजी निम्म्यावर आली. काकी आत, पोटात, गुडघ्यापर्यंत उतरली. पायाखालची एक पेंढी मऊ लागली.

तिने वाकून ती उचलली. पेंढी ओली नव्हती. काळी होती. हातात घेतल्याबरोबर तिची धूळ झाली, काळसर, आणि वास आला. तो वास काकीला ओळखायला नाक लागलं नाही. हातांनीच ओळखला.

खालून दिसत नव्हतं कोणाला. ती पेंढी पुन्हा खाली ठेवून, वर दोन चांगल्या रचून, “बास झालं, आता ज्याला घ्यायचंय त्याने रांग लावा,” म्हणता आलं असतं. अर्धी गंजी चोख निघाली होती. गाव पटलं होतं. गाडीवानसुद्धा बांधावरून दोन पावलं पुढे आला होता. तिच्या डोक्यात हे सगळं एका श्वासात येऊन गेलं. आलं नाही असं कोणी म्हणेल तर खोटं.

मग तिने ती पेंढी उचलून खाली फेकली. ती पडली आणि काळ्या धुळीचा लोट उठला. लोहारीण खोकली. हसणं बंद पडलं.

लेक पुढे धावला. “पाऊस झिरपला असेल वरून,” तो मोठ्याने म्हणाला. “झिरपतं कधीकधी. एखादी असते अशी.”

“पाऊस?” चक्कीवाला म्हणाला. “यंदा?”

  सगळ्यांनी एकदाच मान वर करून आभाळाकडे बघितलं, तांबड्या, कोरड्या, धुळीने भरलेल्या आभाळाकडे, आणि एकदाच खाली केली.

काकीने दुसरी पेंढी उचलली. तीही काळी. तिला निळा प्लास्टिकचा दोर बांधलेला. यंदाच्या सगळ्या पेंढ्या तिने सुंभाने बांधल्या होत्या. निळा दोर मागच्या सालचा. मागच्या सालच्या शेवटच्या पेंढ्या, छपराखाली गळून काळ्या पडलेल्या, ज्या उकिरड्यावर टाक म्हणून तिने लेकाला दोनदा सांगितलं होतं.

तिने वरून लेकाकडे पाहिलं. लेक शिडी धरून उभा होता. शिडी हलत होती.

“किती आहेत?”

“आई…”

“किती आहेत रे अशा?”

“चाळीस असतील. पन्नास.” तो पुटपुटला. “बाबा घालायचे तशा. पोट भरायला. मला काय माहीत तू गावात विकशील? म्हटलं कोणीतरी लांबचा घेऊन जाईल.”

“लांबच्याची गाय दगड खाते का?”

लोहाराच्या तोंडावर समाधान पसरत होतं. त्याचं नाक खोटं ठरलं होतं, पण संशय खरा ठरला होता, आणि संशय खरा ठरल्यासारखं सुख माणसाला दुसरं नाही. “मी म्हणत होतो,” तो म्हणाला. “एवढ्या स्वस्तात…”

“तू गप बस!” काकी कडाडली. “तुझ्या सळईला काही वास आला होता का? नाही ना? मग आता मोठा गावाचा नाकवाला झालास?”

आणि ती खाली वाकली. एकेक निळ्या दोराची पेंढी उचलून फेकू लागली. एकही ठेवली नाही. काळी धूळ तिच्या केसात, डोळ्यात, ओठांवर बसली. पन्नास नव्हत्या. त्रेसष्ट निघाल्या. प्रत्येक तिने मोठ्याने मोजली, जशी ती उसनं धान्य मोजायची. त्रेसष्टाव्या पेंढीनंतर खाली पुन्हा पिवळं लागलं, बुडापर्यंत.

शेवटी ती शिडी उतरली. गुडघा दुखत होता, पण तिने कोणाचा हात धरला नाही. सरळ गाडीवानासमोर जाऊन उभी राहिली.

“भावजी, त्या सालीही असंच होतं.”

गाडीवानाने तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

“मालकांनी रचली, पण खालून मी देत होते. काळ्याही मीच दिल्या. मला माहीत होतं. बैल वयाने नाही गेले तुमचे.”

वाऱ्याने आणखी काही काड्या रस्त्याकडे ओढल्या.

“मलाही माहीत होतं,” गाडीवान म्हणाला.

“कसं?”

“दुसरा बैल गेला तेव्हा गंजीचं पोट उघडलं होतं मी. तुमचे मालक समाचाराला आले, त्याच्या आदल्या दिवशी.”

  “मग वीस वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलून काय बैल उठले असते?” गाडीवानाने डोक्यावरचं फडकं काढून झटकलं. “आणि तुमच्या जिभेला कोण तोंड देणार, वहिनी?”

कोणीतरी हसलं. कोण ते काकीने बघितलं नाही, हा तिच्या आयुष्यातला मोठाच त्याग समजा.

“आता घेऊन जाणार नसाल ना,” ती म्हणाली. “सडकं बघितलंत.”

“आता घेतो.”

“आता?”

“सडकं बघितलं म्हणून घेतो. वरचं चोख होतं तेव्हा माझी हिंमत होत नव्हती.” तो गंजीच्या बुडाशी गेला, एक पेंढी ओढली. “आता आत काय होतं ते तरी कळलं.”

दुपारी ट्रक आला. व्यापाऱ्याने फोडलेली गंजी पाहिली, काळ्या पेंढ्यांचा ढीग पाहिला, गाडीतून उतरलासुद्धा नाही. धुळीचा लोट मागे टाकून गेला. त्याच्याबरोबर तिप्पट भाव गेला. लेकाने ट्रकच्या मागे बघितलं नाही, कारण काकीने त्याच्या हातात काटा दिला होता आणि तो त्या त्रेसष्ट पेंढ्या उकिरड्यावर ओढत होता. एकटा. सून मदतीला गेली तर काकी म्हणाली, “तू बस. ज्याने पोट भरलं त्यानेच रिकामं करायचं.”

शनिवारी गाडीवानाची गाय बाजाराला गेली नाही. सकाळी खळ्यात रांग लागली. लोहार रांगेत होता, लोहारीण त्याच्या मागे. भाव तोच, जुना. कोणी काही विचारलं नाही. म्हणजे विचारलंच.

“काकी,” लोहार हळूच म्हणाला, “आता तर कळलं आत काय होतं. तरी जुनाच भाव?”

“हो.”

“मग आता काय लपवताय?”

काकीने त्याच्याकडे बघितलं. त्याला चिरून ठेवण्याइतकं तोंडात होतं तिच्या. पण पहिला नंबर गाडीवानाचा होता, आणि तो दोन पेंढ्या घेऊन जायच्या ऐवजी खळ्यात मांडी घालून बसला होता. त्याने पहिली पेंढी सोडली, काड्या पसरल्या, मूठ मूठ उचलून हुंगल्या, मधल्या मुठीला जरा जास्त वेळ लावला, आणि मगच पुन्हा बांधली. सुंभाची गाठ त्याने तीनदा तपासली.

“विश्वास नाही अजून?” काकीने विचारलं.

“नाही,” गाडीवान म्हणाला. शांतपणे.

मागून रांग कुरकुरायला लागली. ऊन चढत होतं. असंच एकेक पेंढी सोडत बसलं तर दुपार होणार होती.

“बरं आहे,” काकी म्हणाली. ती खाली, त्याच्या समोर बसली, गुडघा पसरून. दुसरी पेंढी तिने स्वतःकडे ओढली, गाठ सोडली आणि पहिली मूठ नाकाशी नेली.